नरक्या, अमृता आणि माझं बफर

एकाच झाडाची ही दोन नावं. फुलांचा वास घेतला की 'नरक्या' का म्हणतात ते लगेच कळतं. 'अमृता' कळायला मला एमएस्सीचं आख्खं शेवटचं वर्ष लागलं.

या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, कर्करोगावरच्या औषधांचा मूळ रेणू. 1966मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी तो एका चिनी झाडातून वेगळा केला. हे वाणी म्हणजे आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी! पुढे नरक्यातही तो सापडला आणि घाटातल्या झाडांवर चोरून कुऱ्हाडी पडू लागल्या. आम्ही मात्र वनखात्याची परवानगी काढून आंबोलीतून पानं आणि बारीक फांद्याच आणल्या.

वाळवणं, दळणं, मिथेनॉलमध्ये भिजत घालणं यात सांगण्यासारखं काही नाही. (मिक्सर घरचा नेला होता. आईने तो परत घेतला नाही, आणि बरोबरच केलं.) अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारी टीएलसीची प्लेट यूव्ही (अतिनील) दिव्याखाली धरली तेव्हा मात्र अंधारात कॅम्प्टोथेसिनचा निळा ठिपका असा चमकला, की मी दोनदा दिवा बंद-चालू करून पाहिला.

पुढे पेशींवर चाचणी करायची होती. शुद्ध कॅम्प्टोथेसिन थोड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं, 7.4 पीएचच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घातलं आणि रात्रभर तसंच ठेवून घरी गेले. सकाळी एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) बघते तर आलेखातला नेहमीचा पीक, म्हणजे कॅम्प्टोथेसिनचं शिखर, पार खुजा, आणि त्याच्या बराच आधी भलताच एक उंच पीक! दोन दिवस यंत्राचा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) धूत बसले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी आलेख पाहिला.

"अगं, बफरचा पीएच किती?"

तिथेच घोळ होता. या पीएचला रेणूतलं लॅक्टोन नावाचं कडं (अणूंची बंद साखळी) उघडतं आणि औषधाचा जोर बहुतांश जातो. आम्लाचे थेंब टाकून, थोडं थांबून पुन्हा यंत्रात इंजेक्ट केलं, तर जुना पीक जागेवर हजर.

"रक्ताचा पीएचही साधारण तेवढाच असतो," मॅडम म्हणाल्या.

1970च्या आसपास रुग्णांवर चाचण्या झाल्या, त्या सोडियम क्षाराच्या. पाण्यात विरघळावं म्हणून कडं उघडूनच दिलेलं! गुण बेताचा आणि त्रास फार, म्हणून त्या थांबल्या. याच रेणूत फेरफार करून केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं अमेरिकेत 1996मध्ये मंजूर झाली.

मी बाटलीतलं उरलेलं द्रावण ओतून दिलं आणि नवं वजन करायला घेतलं.