बडोद्यातल्या जुन्या सागासाठी कुठला प्लेनर घ्यायचा

मामांनी दांडिया बाजारातलं जुनं घर बिल्डरकडे द्यायच्या आधी सागाचे वासे, दारांच्या चौकटी आणि माडीवरच्या फळ्या सगळं काढून ठेवलंय, आणि आता रिटायर झाल्यावर त्यातून झोपाळा आणि देव्हारा स्वतःच्या हाताने करायचा म्हणतायत. "अरे, तू तिकडे गॅरेजमध्ये ते रंध्याचं मशीन वापरतोस ना, तसलंच एक येताना घेऊन ये की, पैसे मी देतो," असं म्हणाले. ते मशीन म्हणजे थिकनेस प्लेनर. फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण बडोद्यातल्या अजून काही ओळखीच्यांनी हेच विचारलंय म्हणून एकदा नीट लिहूनच काढतो.

पहिलं उत्तर हे की मामा, इथून, म्हणजे अमेरिकेतून, आणायचं नाही. इथलं घरचं करंट 120 व्होल्टचं, आपलं 230 चं, मशीन थेट लावलं तर मोटर जळणार. आणि 15 अँपिअरच्या मोटरला पुरेल एवढा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर म्हणजे निदान दोन-अडीच केव्हीएचा, तो वेगळा घ्या, उचलून ठेवा, तापतोय का बघा, कशाला एवढी कटकट. शिवाय वजन. इथे सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते डीवॉल्ट 735 या प्लेनरचं, ते 42 किलोच्या आसपास भरतं आणि विमानात एका बॅगेला 23 किलो, फार तर जादा पैसे भरून 32. तेव्हा मशीन तिकडेच घ्यायचं. पण कसं निवडायचं हे मात्र इथे ओहायोत राहून मला चांगलंच कळलंय, कारण इथे लाकूडकामाचा छंद असलेला माणूस हाच प्रश्न सगळ्यात जास्त चघळतो.

त्याचं कारण सांगतो. इथे सुताराला घरी बोलावून काही करून घेणं सामान्य माणसाला परवडत नाही, त्यामुळे पुष्कळ लोक गॅरेजमध्ये स्वतःच करतात. मोठ्या दुकानात तयार रंधलेली फळी मिळते पण ती महाग, आणि एक बाय सहा म्हणून घेतली तरी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड नि साडेपाच इंच रुंदच असते. उलट होम्स काउंटीकडे आमिश लोकांची, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, वस्ती आहे, तिकडच्या सॉ मिलमध्ये अक्रोड, चेरी, मेपल रफ मिळतं, करवतीच्या खुणांसकट, आणि बरंच स्वस्त. भाव बोर्डफुटावर असतो, बारा बोर्डफूट म्हणजे आपलं एक घनफूट. एक इंची रफ फळी दोन्ही बाजूंनी साफ केली की पाऊण इंच हातात येते. हे साफ करायचं मशीन घरी असलं की तयार फळीचे पैसे वाचतात आणि मुख्य म्हणजे पाऊण, पाच अष्टमांश, अर्धा, जी जाडी हवी ती आपण ठरवतो.

आता हे मशीन नेमकं करतं काय, कारण मामांचाही इथे थोडा गोंधळ होता. थिकनेस प्लेनर फळीची वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो, बस. वाकडी फळी सरळ करणं हे त्याचं काम नाही. पीळ पडलेली फळी आत घातली की रोलर तिला दाबून सपाट करतात, पाती वरून छिलतात, आणि बाहेर पडली की फळी परत उसळून होती तशीच वाकडी, फक्त जाडी सगळीकडे सारखी. एक बाजू आधी सरळ करायला जॉइंटर लागतो, आपल्याकडे लातीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, ज्याला सरफेसर म्हणतात तो. म्हणून लोक विचारतात की आधी कुठलं घ्यावं, आणि माझं मत ठाम आहे, आधी प्लेनरच घ्या. एक बाजू सरळ करणं हाताच्या रंध्याने जमतं, मेहनत आहे पण जमतं. पण चार फळ्या अगदी एकाच जाडीच्या हाताने करायच्या म्हणजे जीव जातो, आणि इथेच मशीन खरं उपयोगी पडतं.

शिवाय प्लेनरकडूनच जॉइंटरचं काम काढून घेता येतं. एक सरळ जाड प्लायची पट्टी घ्यायची, फळीपेक्षा थोडी लांब, तिच्या टोकाला एक छोटी अडणी ठोकायची म्हणजे फळी सरकत नाही. वाकडी फळी त्यावर ठेवायची, जिथे जिथे ती हलते, डुगडुगते तिथे खाली पातळ पाचरी सारायच्या आणि हॉट ग्लूचा एकेक थेंब द्यायचा. मग प्लायसकट आत. वरची बाजू सरळ झाली की फळी सुटी करून उलटायची आणि दुसरी बाजू नेहमीसारखी काढायची. इथले छंदवाले लोक सर्रास हेच करतात. बहुतेक छोट्या मशीनमध्ये सहा इंचापर्यंत जाडी बसते, त्यातून प्लायची जाडी वजा करायची एवढंच.

आता पैशांचं. इथे साधारण तीनशे-चारशे डॉलरला दोन पात्यांचं मशीन येतं, वेन वगैरे कंपन्यांचं, आणि सहाशेच्या पुढे गेलं की तीन पात्यांचं डीवॉल्ट 735. फरक कुठे पडतो तर एका इंचात पाती किती वेळा लाकडाला लागतात त्यात. 735 मध्ये मिनिटाला 10,000 फेरे, तीन पाती आणि दोन स्पीड आहेत, हळू स्पीडला इंचाला 179 घाव बसतात, जोरात चालवलं तर 96. दोन पात्यांच्या मशीनला हाच आकडा पन्नास-साठच्या घरात राहतो. घाव जितके जवळजवळ तितका पृष्ठभाग गुळगुळीत, सँडपेपर कमी. पण खरं सांगू, धार चांगली असेल आणि शेवटचा हात अगदी हलका मारला, अर्धा मिलीमीटर, तर स्वस्तातल्या दोन पात्यांच्या मशीनवर निघालेली फळीही सुरेख असते. बोथट पात्यांचं महागडं मशीन त्यापुढे काही कामाचं नाही. म्हणून मॉडेल बघायच्या आधी त्या मॉडेलची पाती आपल्या गावात मिळतात का, केवढ्याला मिळतात, हे बघा. या मशीनची बहुतेक पाती दोन्ही बाजूंना धार असलेली असतात, एक गेली की उलटायची, दोन्ही गेल्या की टाकून द्यायची, त्यामुळे मशीन एकदाच घेता पण पाती घेतच राहता.

आणि हे सागाला तर जास्तच लागू आहे. सागात सिलिका असते, ती धार खाते, मेपल-चेरीवर जे पातं बराच काळ टिकतं ते सागावर लवकर हात टेकतं. यावर उपाय म्हणजे हेलिकल हेड, लांब पात्याऐवजी कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे मळसूत्रासारख्या वळणाने बसवलेले, प्रत्येकाला चार धारा, एक बोथट झाली की स्क्रू सैल करून तुकडा फिरवायचा. आवाज कमी, उलटसुलट रेषांच्या लाकडात चिपा कमी उडतात. पण नंतर वेगळं बसवायला गेलं तर चांगल्या हेडची किंमत जवळपास मशीनएवढी होते, तेव्हा सुरुवातीला त्यात पडू नका.

मामांच्या वाशांबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण तिकडे बऱ्याच जणांकडे असंच लाकूड पडून आहे. जुन्या घराच्या सागात खिळे असतातच, डोकं तुटलेले, आत रुतलेले, वरून दिसत नाहीत. पण साग लोखंडाचा डाग धरतो, खिळ्याभोवती काळसर-निळसर वर्तुळ उमटतं, तेव्हा तारेच्या ब्रशने सगळी धूळ आणि काजळी घासून काढा आणि प्रत्येक काळ्या डागाशी थांबा. त्यानंतर हातातला छोटा मेटल डिटेक्टर फिरवा, भिंतीतली वायर शोधायला वापरतात तसला चालतो. एक खिळा राहिला तर पात्याला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक फळीवर त्या जागी एक बारीक उभी रेघ उठून दिसते, बोटाला लागते. अशी खाच पडलीच तर लगेच पाती फेकू नका, मशीनमध्ये तशी सोय असेल तर एक पातं किंचित आडवं सरकवून बसवा म्हणजे दोन्हींच्या खाचा एका रेषेत येत नाहीत आणि रेघ जाते. रंग दिलेलं लाकूड मात्र मशीनमध्ये अजिबात घालायचं नाही, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ नाकात जाणं फार वाईट. सागाची धूळही काहींच्या अंगाला आणि नाकाला सोसत नाही, तेव्हा एन 95 मास्क आणि कानाला मफ, दोन्ही हवेच.

एवढं केल्यावर पहिला हात मारताना जे दिसतं ना, ते मात्र बघण्यासारखं असतं. वरचा राखाडी, मळलेला थर सोलला जातो आणि खालून सोनेरी-तपकिरी साग निघतो, थोडा तेलकट, आणि सगळीकडे तो चामड्यासारखा वास. मामांना हे बघायचंय आणि मला वाटतं त्यांनी स्वतःच्याच हाताने करावं. नाहीतर चार फळ्यांचंच काम असेल तर लक्कडपीठ्यात, म्हणजे लाकडाच्या बाजारात, विचारून लातीतल्या मोठ्या मशीनवर काढून घेणं केव्हाही स्वस्त, पण जुनं खिळेवालं लाकूड लातीवाला सहसा घेत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे, पाती त्याची आहेत.

झोपाळ्याची फळी अठरा-वीस इंच रुंद हवी असते आणि ही छोटी मशीन बारा-तेरा इंचापर्यंतच घेतात. म्हणून मोठं मशीन शोधू नका. अरुंद फळ्या आधी एकाच जाडीच्या काढा आणि मग कडा जुळवून डिंक लावून जोडा, जोडावर फक्त हाताचा रंधा किंवा सँडर फिरवायचा. दोन्ही बाजूंनी साधारण सारखंच लाकूड काढायचं हेही लक्षात ठेवा, एकाच बाजूने छिलत गेलं तर आतली ओल असमान सुटते आणि फळी रात्रीत वाटीसारखी वळते.

टोकांना पडणारा खड्डा, इथे त्याला स्नाइप म्हणतात, त्याबद्दल सगळेच तक्रार करतात. फळी आत शिरताना एकाच रोलरच्या पकडीत असते, बाहेर पडतानाही तसंच, त्यामुळे टोक जरा वर उचललं जातं आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत पातं खोल जातं. खिडकीच्या तिरप्या उजेडात धरलं की लगेच दिसतं. मशीनच्या पुढच्या-मागच्या टेबलांची बाहेरची टोकं नाण्याच्या जाडीएवढी वर ठेवा, लांब फळीला हाताने आधार द्या, आणि एकामागोमाग एक फळ्या टोकाला टोक लावून सारा, बराच फरक पडतो. तरीही राहिलाच तर फळी आधीपासून दोन्हीकडे तीन-तीन इंच लांब ठेवा आणि शेवटी कापून टाका, मी तर हेच करतो. फार आखूड तुकडा, फूटभरापेक्षा कमी, आत घालू नका, दोन रोलरच्या मध्ये तो सुटा होऊन उडतो. आणि पोळपाटासारखं काही, लाकडाची कापलेली टोकं वर येतील असे उभे तुकडे जोडून केलेलं असेल तर त्याला प्लेनर नाहीच, ते आत फुटतं.

भुशाचा आणि चिपांचा पसारा किती होतो याची कल्पना आधी येत नाही. घरगुती व्हॅक्यूम मिनिटात भरतो. चार इंची पाइप लावून मोठ्या ड्रमात सोडलं तर ठीक, नाहीतर मशीन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघड्यावर चालवायचं आणि नंतर झाडून घ्यायचं. पण आवाज शेजाऱ्यांना नक्की ऐकू जाईल, या मोटरी ब्रशवाल्या असतात, किंचाळतातच, तेव्हा दुपारची झोपायची वेळ टाळा.

मामांना मी शेवटी मकिता 2012 एनबी सुचवलंय. 230 व्होल्टचं आपल्याकडे मिळतं, 1,650 वॉट, 304 मिलीमीटर रुंदी, वजन 28 किलोच्या आसपास म्हणजे दोघांनी सहज उचलून बाजूला ठेवता येतं, आणि या वर्गात त्यातल्या त्यात शांत म्हणून त्याची ख्याती आहे. पाती दोनच, पण धार बदलणं सोपं. कागदावर तीन मिलीमीटरचा काप लिहिलेला असतो तो अरुंद फळीसाठी, पूर्ण रुंदीच्या सागाला एका वेळी अर्धा-पाऊण मिलीमीटरच घ्यायचा. सात-आठ अँपिअर ओढतं, म्हणून 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, पंख्याच्या छोट्या सॉकेटमध्ये खुपसायचं नाही, आणि एक्स्टेन्शन लागलंच तर जाड वायरचं.

जुनं मशीन मिळत असेल तर तेही बघा, पण चालू करून बघा आणि सोबत आपली एक फळी घेऊन जा. रबराचे रोलर गुळगुळीत चकचकीत झाले असतील तर फळी मध्येच अडकते. फळीची दोन्ही बाजूंची जाडी कॅलिपरने मोजा, डावी-उजवीकडे फरक आला तर हेड तिरकं बसलंय. मोटरचे कार्बन ब्रश स्वस्त असतात, ते झिजलेले असले तरी हरकत नाही, पण बेअरिंगचा खरखर आवाज असेल तर सोडून द्या. आणि मामा, पात्यांचा एक जादा सेट मी येताना नक्की आणतो, 2012 एनबीचीच पाती इथेही मिळतात, फक्त ती चेक-इन बॅगेत टाकावी लागतील.