जुन्या ग्रिझलीचे पॉलिश: खरवडावे की राहू द्यावे?

अमेरिकेत, मिशिगनमधल्या लान्सिंगजवळच्या एका गॅरेज सेलमध्ये मिळालेले बेअर कंपनीचे ग्रिझली नावाचे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य गेले तीन आठवडे तळघरातल्या बाकावर पडून आहे. आधीच्या मालकाने त्यावर कधीतरी जाड ब्रशने व्हार्निश फासले होते. मुठीखाली त्याचे ओघळ सुकले आहेत, अंगठा टेकतो तिथे लाकूड उघडे पडले आहे आणि भुजांवर केसासारख्या बारीक रेषांचे जाळे दिसते. (मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या धनुष्याच्या दोन भागांना इंग्रजीत लिम्ब म्हणतात. तो शब्द देवनागरीत लिहिला की मला कडुनिंबच आठवतो, म्हणून मी भुजा म्हणतो.) पहिल्या दिवशी सगळे खरवडून नवे पॉलिश द्यायचे, असेच मनात होते.

आधी त्याचे वय ठरवणे आवश्यक होते. भुजेवरील छापील मजकुरात 'कॅनडा १९५३' असे वाचून अनेक जण धनुष्य त्या वर्षीचे असल्याचे समजतात आणि विकणारेही तसेच सांगतात, परंतु ते पेटंटचे वर्ष असून पुढे कित्येक वर्षे तोच मजकूर छापला जात होता. त्यापेक्षा मुठीवरचे नाणे, म्हणजे कंपनीचा नाण्यासारखा धातूचा बिल्ला, अधिक भरवशाचे असते. माझ्या धनुष्यावर ते लाकडाशी समपातळीत बसवलेले आहे आणि १९७३ पासून ते उठावदार येऊ लागले. म्हणजे हे त्याआधीचे, कंपनीचे संस्थापक फ्रेड बेअर यांचा कारखाना मिशिगनमधल्या ग्रेलिंगला असतानाचे. पुढे १९७८ मध्ये तो फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेला.

सर्वाधिक वेळ त्या रेषांवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. जुने पॉलिश कडक होत जाते, भुजा मात्र दर खेचीला वाकतात, त्यामुळे पॉलिशला तडे जाणे स्वाभाविक आहे. पण तडा पॉलिशला आहे की खालच्या फायबरग्लासला, हे न समजता त्यावर नवा थर देणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे होय. भिंग घेऊन दोन्ही भुजा तपासल्या. रेषा बहुतेक लांबीच्या दिशेने जातात आणि त्यांत नख अडकत नाही. आडवा तडा किंवा थर सुटल्याची फट आढळली असती, तर हे धनुष्य भिंतीवर शोभेलाच गेले असते. कापसाचा बोळा भुजेवरून फिरवला, कुठेही तंतू अडकला नाही. तरीही समाधान होईना, म्हणून सर्वांत लांब चार रेषांच्या टोकांशी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले, डेक्रॉनची, म्हणजे थोडी ताणली जाणारी, दोरी चढवली (या वयाच्या टोकांना आजची न ताणणारी दोरी सोसत नाही) आणि दोन संध्याकाळी मिळून शंभर बाण सोडले. एकही रेषा पट्टीपलीकडे सरकली नाही.

येथे माझा मूळ बेत डळमळला. भुजेवरचा ४५ पौंडांचा (धनुष्य खेचायला लागणाऱ्या जोराचा) आकडा, ५८ इंचांची लांबी आणि अनुक्रमांक हे सारे कारखान्यात हाताने शाईने लिहिलेले असून ते मूळ पॉलिशच्या खाली आहे. ते पॉलिश काढले की अक्षरेही जातात, आणि नंतर पांढऱ्या पेनाने कितीही सुबक लिहिले तरी ती माझी अक्षरे असतील. शिवाय पॉलिशपेपर जरा जास्त चालला तर फायबरग्लासच घासला जाऊन धनुष्याचा हा जोर घटतो, आणि ती धूळ फुफ्फुसांना घातक असते. रंग काढायचे रसायन तर मी जवळही आणणार नाही. भुजेचे थर ज्या गोंदाने जोडलेले आहेत, त्यालाच ते पोखरू शकते.

पॉलिशचे खरे काम लाकडात ओल शिरू न देणे हे आहे. त्या कसोटीवर पाहिले तर भुजांचे लाकूड दोन्ही बाजूंनी फायबरग्लासने झाकलेले आहे आणि कडांचे पॉलिश शाबूत आहे. उघडे लाकूड फक्त मुठीपाशी आहे. त्यामुळे भुजा केवळ ओल्या फडक्याने पुसून मेण लावायचे आणि नवे पॉलिश मुठीपुरतेच द्यायचे, असे ठरवले.

सांगलीहून बाबांनी फोनवर चपड्याचे फ्रेंच पॉलिश सुचवले. आमच्या घरच्या कपाटांना तेच आहे आणि त्याची झळाळी मला आजही आवडते. पण चपड्यावर पाणी राहिले की पांढरे डाग पडतात, आणि येथे १ ऑक्टोबरला हरणांचा धनुष्य-हंगाम सुरू होतो तो बहुधा रिमझिमीतच. म्हणून बंदुकीच्या दस्त्यांना लावतात ते ट्रू-ऑइल घेतले.

ओघळ धारदार पात्याने आडवे खरवडून काढले, मग २२० आणि ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवला. नाण्याभोवती चिकटपट्टी लावूनही एका जागी पेपर निसटला आणि त्याच्या कडेला ओरखडा उमटला. तो तसाच राहील. खालचे गडद तांबूस लाकूड मात्र अपेक्षेपेक्षा देखणे निघाले. तेल बोटाने, अगदी पातळ चोळतो आहे आणि दोन थरांमध्ये पूर्ण एक दिवस जाऊ देतो. आज तिसरा थर झाला. नव्या-जुन्या पॉलिशची सीमा मुठीच्या वळणात अजून दिसते. पाचव्या थरानंतर चार शून्यांच्या (अगदी बारीक) स्टील वूलने चकाकी कमी करायची आहे, कारण उन्हात चमकणारी मूठ हरणाला लांबूनच दिसते. ती सीमाही तेव्हा पुसट झाली नाही, तर तिथे चामड्याची पट्टी गुंडाळेन.