तिशी गाठलेली मर्सिडीज आणि काचेचा डॅशबोर्ड

श्टुटगार्टमध्ये गाड्यांवर बोलायला विषय शोधावा लागत नाही. मर्सिडीजचं घर ऊंटरट्युर्कहाइममध्ये, पोर्शेचं झुफनहाउझेनमध्ये, आणि दोघांचीही संग्रहालयं पाहण्यासारखी. पण इथले शौकीन मोकळेपणी बोलतात ते बोब्लिंगेनच्या जुन्या विमानतळावर, जिथे आता 'मोटरवर्ल्ड' आहे, किंवा वसंतात भरणाऱ्या 'रेट्रो क्लासिक्स'मध्ये. महागड्या गाड्यांच्या डिझाइनचं काय बिनसलं, हा वाद तिथे हमखास निघतो, आणि बोलता बोलता गाडी येते डब्ल्यू १२४ वर, म्हणजे मर्सिडीजच्या जुन्या ई-क्लासवर. आपल्याकडच्या वाचकांनाही ही गाडी परकी नाही. १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडणी सुरू झालेली पहिली मर्सिडीज तीच.

१९८४ च्या शेवटी आलेली ही गाडी ब्रुनो साक्को यांच्या हाताखाली घडली. साक्को मूळचे इटलीतल्या उदिनेचे. १९७५ ते १९९९ मर्सिडीजचं डिझाइन त्यांच्याकडे होतं, आणि नवं मॉडेल आलं म्हणून आधीचं म्हातारं दिसता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. डब्ल्यू १२४ मध्ये जवळजवळ प्रत्येक आकाराला कारण आहे. वायपर एकच, पण तो नुसता कमानीत फिरत नाही. काचेच्या वरच्या कोपऱ्यांकडे जाताना बाहेर सरकतो, मध्ये आला की आत ओढला जातो, म्हणून काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. मागच्या दिव्यांना आडव्या खाचा आहेत. चिखल उडाला तरी तो उंचवट्यांवर बसतो आणि खाचांमधून प्रकाश दिसत राहतो. डिकीचं झाकण थेट बंपरपर्यंत उतरतं, त्यामुळे जड सामान फार उंच उचलावं लागत नाही. हवारोधाचा आकडा (जितका कमी, तितकी गाडी हवा सहज कापते) ०.२९ ते ०.३० च्या घरात, आणि तोही सरळ, चौकोनी दिसणाऱ्या गाडीचा. माझ्या मते आलिशानपणा हाच: मालकाचे कष्ट आधीच कुणीतरी विचारात घेतलेले असणं.

तरी ही गाडी निर्दोष नाही, आणि जुनी घेणाऱ्याने नेमकं कुठे पाहायचं ते माहीत असावं. सर्वात मोठा धोका १९९२ ते १९९५ च्या पेट्रोल गाड्यांमधल्या इंजिन वायरिंगचा. त्या काळात तारांवरचं आवरण लवकर विघटित होणाऱ्या प्लास्टिकचं केलं गेलं. इंजिनच्या उष्णतेने ते कडक होतं, तडकतं आणि भुगा होऊन पडतं. मग तारा एकमेकींना टेकतात, इंजिन अडखळतं, आयडलिंग वरखाली होतं, कधी कंट्रोल युनिटही जातं. इंजिनजवळच्या वायरिंगची बाहेरची नळी जरा मागे सरकवा आणि आतली तार हलकेच वाकवा. आवरण तडकलं तर टेप गुंडाळून भागत नाही, पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, बदलावा लागतो. थ्रॉटलच्या ॲक्चुएटरमधल्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागातल्या) तारांचंही तेच.

सहा सिलिंडरच्या एम १०४ इंजिनात हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली चकती) मागच्या कोपऱ्यातून तेल गाळतं. १९८९ नंतरच्या गाड्यांना खालच्या बाजूला प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत. गंज त्यांच्या मागे, जॅक लावायच्या जागी लपतो, म्हणून तिथली झाकणं काढून आत बॅटरी मारून पाहावी. वायपरच्या गिअरमधलं ग्रीस सुकलं की तो अडखळत फिरतो. साफ करून नवं ग्रीस भरलं की काम होतं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र सोबत असावं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा. तीनशेच्या बराच वर आकडा गेला तर खाली पुट्टी आहे, म्हणजे पत्रा दुरुस्त केलेला आहे, असं समजावं.

या गाड्यांना आता 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळते. जर्मनीत पहिल्या नोंदणीला ३० वर्षं झाली, गाडी बऱ्यापैकी मूळ रूपात आणि सुस्थितीत असली, आणि तज्ज्ञाने तसा अहवाल दिला की ती मिळते. मग मोटारीचा कर वर्षाला सरसकट १९१.७३ युरो, आणि शहरांच्या प्रदूषण-निर्बंधित भागातही प्रवेश.

हा ३० वर्षांचा निकष आजच्या गाड्यांना लावून पाहिला की शौकिनांची नाराजी कळते. मर्सिडीजची २०२१ ची आलिशान इलेक्ट्रिक गाडी ईक्यूएस घ्या. तिचा हवारोध ०.२०, आणि त्यामागचं कारण खरं आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, म्हणून ऑटोबानवर १३० च्या वेगाने जाताना इलेक्ट्रिक गाडीची रेंज बरीचशी या आकड्यावर ठरते. त्यासाठी पुढून मागेपर्यंत एकच कमान ओढली गेली. यात मर्सिडीजच्या सर्वात मोठ्या सेडानचं, एस-क्लासचं, लांब बॉनेट आणि उभा रुबाब गेला. पुढे २०२४ मध्ये बॉनेटवर उभा तारा परत आणावा लागला. मला आकारापेक्षा दुसरी गोष्ट खटकते. ईक्यूएसचं बॉनेट मालकाने उघडायचंच नाही. काच धुण्याचं पाणीसुद्धा डाव्या मडगार्डमधल्या झडपेतून भरायचं. आत, मागणीनुसार, डॅशबोर्डभर १४१ सेंटिमीटर रुंदीची काच, तिच्यामागे तीन स्क्रीन. डब्ल्यू १२४ च्या हेडलाइटमधला एच ४ बल्ब काही मिनिटांत बदलता येतो. हा काचेचा पट्टा ३० वर्षांनी कोण दुरुस्त करणार? चकचकीत काळ्या प्लास्टिकबद्दल तर बोलायलाच नको, पहिल्याच उन्हाळ्यात त्यावर ओरखडे दिसतात.

बदल मात्र सुरू झाला आहे. २०२६ पासून युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या नियमांनुसार पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र बटण किंवा दांडी लागते. बीएमडब्ल्यूनेही २०२० मध्ये ४ सीरिजच्या तोंडावर चढवलेली उंच जाळी २०२५ च्या आयएक्स३ या इलेक्ट्रिक गाडीवर अरुंद केली. शौकिनांच्या टीकेचा त्यात किती वाटा, हे कंपनी जाणे, पण गाडी सुसह्य दिसते.

पुण्यात जोडलेली जुनी ई २२०, म्हणजे डब्ल्यू १२४ च, कुणाकडे असेल तर सुटे भाग इथून मागवता येतात. जुन्या मर्सिडीजसाठी कंपनीचं क्लासिक सेंटर श्टुटगार्टजवळ फेलबाखला आहे. वर्षावर विसंबू नका, चासी नंबर देऊन भागाचा क्रमांक पक्का करा. आणि हेडलाइट मागवताना खास काळजी घ्या. जर्मनीत रहदारी उजवीकडून चालते, त्यामुळे इथल्या दिव्यांचा डिपर उजव्या कडेला जास्त प्रकाश टाकतो. तोच दिवा आपल्या रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपवतो. डाव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठीची काचच मागवावी.