वरची खुर्ची रिकामी होईना, मग ट्रान्सफर की स्विच?

माझ्या नावाखाली 'सिनियर इंजिनिअर' ही पाटी इतकी वर्षं आहे की नवीन पोरं मला मागनं 'कायमचे सिनियर' म्हणतात, कळतं की सगळं. गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओततात तिथं, क्वालिटी बघतो. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होल (गॅसनं पडलेलं भोक) दिसला की खडूनं गोल मारायचा, वाळूत ओल जास्त झाली का, लोखंड ओतताना गार पडलं का ते शोधायचं, आणि मग रिजेक्शनच्या मीटिंगला प्रॉडक्शनवाल्यांशी भांडायचं. काम येतं, आवडतंय पण. अडलंय एवढंच की वरचे मॅनेजर पंचेचाळीशीचे, तब्येत ठणठणीत, कोल्हापुरात स्वतःचा बंगला, ते कशाला कुठं जातील? आणि माणूस चांगला आहे, त्यामुळं रागावता पण येत नाही.

तर दोन वाटा होत्या. एक, आमच्याच कंपनीचं चाकणला मशीन शॉप आहे तिथं ट्रान्सफर. दुसरी, कागल पंचतारांकितमध्ये एक कंपनी, पगार बऱ्यापैकी वाढवून देत होती आणि घर सोडायला नको. चहाच्या गाड्यावर सगळ्यांचं एकच, "स्विच मार भावा, ट्रान्सफर घेऊन कुणाचं भलं झालंय." आईचं वेगळंच, "पुण्यात भाडं भरायचं आणि हितं घराला कुलूप लावायचं व्हय?"

मला कागलच जवळ वाटत होतं, खरं सांगायचं तर. पण इथल्या एमआयडीसीत शिरोली काय, कागल काय, सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून आत काम करणाऱ्या एकाला गाठलं आणि पगाराचं सोडून दुसरंच विचारलं, की माझ्या वर कोण बसणार? तर मालकाचा भाचा, तिशीतला! म्हणजे खुर्ची इथं अजून पंधरा वर्षं भरलेली आणि तिथं तीस. लोक पगार विचारतात, शिफ्ट विचारतात, कॅन्टीन विचारतात, वरची जागा कधी मोकळी होणार हे कोणच विचारत नाही.

तेच दुसऱ्या बाजूनं पण बघायला लागतं. जागा असून तुम्हाला देत नसतील, दोनदा बाहेरचा माणूस आणून बसवला असेल, तर ट्रान्सफर घेऊन काय होणार, तुमच्याबद्दलचं मत फाइलबरोबर चाकणला पण येतंय. अशा वेळी सरळ कंपनीच सोडावी. माझं तसं नव्हतं, इथं जागाच नव्हती. चाकणला नवी लाइन पडतीय आणि फाउंड्रीतलं कळणारा माणूस त्यांच्याकडं नाही, ड्रिल मारल्यावर कास्टिंगच्या आत पोकळी निघाली की ते आम्हालाच फोन करतात.

पैशाचं पण बघितलं. ट्रान्सफर त्याच कंपनीत असली की सर्व्हिस तुटत नाही, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, चालू राहते. कायम नोकरीत 5 वर्षं झाली की दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. म्हणजे बेसिक 30,000 आणि 7 वर्षं झाली असतील तर साधारण 1 लाख 21 हजार. कंपनी बदलली तर हे पैसे बुडत नाहीत, हातात मिळतात, पण नवीकडं परत शून्यापासून 5 वर्षं. आणि गंमत म्हणजे नवीन ऑफरच्या सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चात, बऱ्याचदा बेसिकच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी म्हणून आधीच धरलेली असते, जी तुम्ही तीन वर्षांत सोडलं तर दिसणार पण नाही. पीएफला तसं काय नाही, तो यूएएनवर (पीएफचा कायमचा एकच नंबर) ट्रान्सफर करून घेतला की आधीची वर्षं धरली जातात, फक्त मध्येच काढून गाडी घेऊ नका, 5 वर्षांच्या आत काढला तर टॅक्स पण लागतो. कागलची वाढ सीटीसीवर भारी दिसत होती, इन-हँड काढल्यावर निम्मी हवा गेली.

मग एचआरकडं गेलो, म्हटलं चाकणला जातो पण असिस्टंट मॅनेजर म्हणून, आणि ते ट्रान्सफर लेटरवर पाहिजे. साहेब म्हणाले, "आधी जा तर खरं, अप्रेझलला बघू की." हे 'बघू की' मी तीन अप्रेझल ऐकलंय. जाण्याआधी आपल्या शब्दाला जी किंमत असते ती सामान ट्रकमध्ये चढल्यावर राहत नाही, म्हणून गप्प बसून राहिलो, कागलचं ऑफर लेटर खिशात होतंच पण टेबलावर काढलं नाही, धमकी दिली असं नको वाटायला. चाकणच्या प्लँट हेडनीच शेवटी रेटा लावला वाटतं.

लेटर आलंय, डेसिग्नेशन आहे, ग्रेड वाढलीय, पगार कागलएवढा नाही. पोरीची परीक्षा झाली की जायचं, तोवर मी एकटा मोशीत रूम करून. सातारा-कागल सहापदरीच्या कामातनं दर आठवड्याला गाडी हाणायची काय ताकद नाही, त्यामुळं महिन्यातनं दोनदा, ते पण रेल्वेनं. आई अजून नीट बोलत नाही. आणि सामान हलवायच्या खर्चापुढं लेटरात नुसतं 'कंपनी पॉलिसीप्रमाणे' लिहिलंय, ती पॉलिसी एचआरकडं मागून दोन मेल झाले, अजून आलेली नाही.