फुलपाखरांसाठी आधी पानं लावा

मुलांना बागेत रमवायचं तर सुरवंट दाखवा. सोसायटीच्या उन्हाच्या कोपऱ्यात, पहिला चांगला पाऊस झाला की लिंबाची दोन आणि कढीपत्त्याची दोन रोपं लावा. खड्डा दीड फूट खोल, मातीत एक घमेलं कुजलेलं शेणखत. नीलवंत, म्हणजे २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, लिंबाच्या पानांवर अंडी घालतं. त्याचा कोवळा सुरवंट हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो; मोठा झाला की हिरवागार. हलकेच बोट लावलं की डोक्यामागून लाल शिंगं काढतो, उग्र वास सोडतो. मुलं तिथून हलत नाहीत!

फसतं ते फवारणीमुळे. कुरतडलेली पानं म्हणजे कीड लागली, असं समजून माळी औषध मारतो. माळ्याला आधीच सांगून ठेवा. फुलपाखरांना मध मिळावा म्हणून शेजारी पेंटास हे फुलझाड चालेल. घाणेरी नको, ती फार पसरते.