"जरा जवळ घे, तराजू दिसू दे"

मागच्या महिन्यात एका मशीनच्या पेटंट अर्जावर पेटंट ऑफिससमोर एक हिअरिंग झालं, वीस-पंचवीस मिनिटांचं असेल, पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. नावगाव सांगत नाही. मशीनबद्दल जे लिहीन त्यात गुपित काही नाही, अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांनी तो आपोआप सगळ्या जगाला वाचायला खुला होतो.

मी पेटंट एजंट, पुण्यात. मेकॅनिकल केलं, काही वर्षं एका कंपनीत ड्रॉइंग्ज काढली, मग एजंटची परीक्षा दिली. लोकांना वाटतं आम्ही वकील असतो. नसतो. आणि लोकांना असंही वाटतं की पेटंट मिळालं की कोणी कॉपी करूच शकत नाही. कोणीही करू शकतो. पेटंट असेल तर त्याच्यावर केस टाकायचा हक्क मिळतो, टाकायची आपणच, आपल्याच पैशाने. हे मी पहिल्या मीटिंगला सांगते आणि निम्मे लोक तिथेच परत जातात.

तात्या गेले नाहीत. सांगलीकडचे, साठीच्या आसपास, गावात वेल्डिंगचं वर्कशॉप. एका कॉलेजच्या सरांनी माझा नंबर दिला होता. नोव्हेंबर 2021 मध्ये पहाटेची एसटी पकडून आले, पिशवीत वहीच्या पानांवर काढलेली चित्रं आणि एक किलो हळद.

मशीन हळद पॉलिश करायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हळद शिजवून वाळवली की ती खडबडीत, मातकट, मुळ्यांचे केस लागलेली असते, ती जाळीच्या ड्रममध्ये भरून फिरवायची म्हणजे हळकुंडं एकमेकांवर घासून साल निघतं आणि पिवळा रंग वर येतो. आता किती वेळ फिरवायचं? ड्रमवाल्याच्या अंदाजाने. कमी फिरवलं तर सौद्यात भाव पडतो, जास्त फिरवलं तर चांगली हळदच भुकटी होऊन खाली पडते, आणि ती घट जाते शेतकऱ्याच्या वजनातून, ड्रमवाल्याचं काही जात नाही. तात्या म्हणाले, "आमच्यात ह्याच्यावरनं भांडणं हुत्यात."

त्यांनी काय केलं तर अख्ख्या ड्रमची फ्रेम तराजूच्या दांडीसारखी मधोमध बेअरिंगवर टेकवली. एका टोकाला ड्रम, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं. साल जाळीतून खाली पडत जातं तसा ड्रम हलका होत जातो, ठरवलेली घट झाली की दांडी कलते आणि मोटरचा पट्टा ढिला पडतो. ड्रम थांबला. सेन्सर नाही, सर्किट नाही, त्या धुरळ्यात बिघडेल असं काहीच नाही. मी ते चित्र बघून दोन मिनिटं काही बोललेच नाही. वर्षाला पन्नास-साठ डिस्क्लोजर (शोधकाने शोधाची माहिती लिहून दिलेले कागद) बघते मी, त्यातली चाळीस 'आयओटी बेस्ड स्मार्ट' काहीतरी असतात, कॉलेजांमधून येतात, विद्यार्थ्याला माहीतही नसतं की त्याच्या नावावर अर्ज झालाय, आणि सरांना हवं असतं फक्त 'पेटंट पब्लिश्ड' हे बायोडेटात लिहायला. पब्लिश्ड म्हणजे मिळालं नाही हो, अठरा महिने झाले एवढाच त्याचा अर्थ, लवकर हवं असेल तर फॉर्म 9 भरून फी टाका की महिन्याभरात पब्लिश्ड. त्या पार्श्वभूमीवर हा माणूस आणि ही दांडी.

तर मी नेहमीचे प्रश्न विचारले. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा, "हे आधी कुठे पब्लिश केलंय का? प्रकाशित वगैरे?" तात्या हसले. "छ्या, आमी कुठं पुस्तकं लिवतोय."

मीही हसले आणि टिक केलं. हे वाक्य मी आता किती वेळा आठवलं असेल देव जाणे.

पुढचं काम माझ्या आवडीचं. क्लेम म्हणजे अख्खं मशीन एका वाक्यात, शब्दशः एकाच वाक्यात, पूर्णविराम शेवटी एकदाच. प्रत्येक शब्द कुंपण असतो. 'वजन' लिहिलं तर उद्या कोणी स्प्रिंग लावून बाहेर निसटेल, म्हणून 'दांडीला उलट दिशेने ओढणारी व्यवस्था' असं काहीतरी लिहायचं, म्हणजे वजन, स्प्रिंग, रबर सगळं आत आलं पाहिजे. पट्टा लिहिला तर चेनवाला निसटतो. तीन दिवस मी पहिल्या क्लेमवर घालवले, आणि अजूनही म्हणते की तो माझ्या पाच उत्तम क्लेम्सपैकी एक आहे. मग बाकीचे. दहा क्लेमपर्यंत जास्तीची फी लागत नाही, अकराव्यापासून प्रत्येकाला 320 रुपये, म्हणून माझी सवय अशी की दहा भरायचेच, क्लायंटचे पैसे वसूल. सहाव्यात मी शॉकप टाकला. ड्रम फिरताना दांडी नाचायची आणि पट्टा भलत्या वेळी सुटायचा म्हणून तात्यांनी मागाहून तिथे जुन्या स्कूटरचा शॉकप बसवला होता, त्याला मी 'डॅम्पिंग मेंबर' असं भारदस्त नाव दिलं. खरं सांगायचं तर जागा भरायला टाकला.

अर्जाची फी 1600, तपासणीची 4000, माझी फी मी निम्मी घेतली (ऑफिसात ह्यावरून बोलणी खाल्ली).

दीड-दोन वर्षांनी पहिला तपासणी रिपोर्ट आला. 'हे आधीच जगाला माहीत होतं, मग नवीन काय' म्हणून त्यात जे जुने पुरावे दाखवतात त्यांना डी-1, डी-2 असे नंबर असतात. डी-2 चायनीज, डी-3 अमेरिकन, दोन्हींना उत्तर होतं. डी-1 होता यूट्यूबचा व्हिडिओ. मार्च 2021. चॅनल कुणाचं तर तात्यांच्या पुतण्याचं. दोन मिनिटं दहा सेकंद, ड्रम फिरतोय, दांडी कलतेय, पट्टा ढिला पडतोय, सगळं स्वच्छ उन्हात.

मार्चमध्ये व्हिडिओ, नोव्हेंबरमध्ये अर्ज. आठ महिने. अमेरिकेत शोधकाने स्वतःच उघड केलं असेल तर वर्षभराची सवलत असते, जपानमध्येही आहे. आपल्याकडे सवलत आहे पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं असेल किंवा विद्वानांच्या सभेत पेपर वाचला असेल तर. 2024 मध्ये नियम बदलले, ही सवलत मागायला वेगळा फॉर्म 31 आला. फॉर्म आला, कारणं तीच जुनी राहिली. म्हणजे प्राध्यापकाने कॉन्फरन्समध्ये सांगितलं तर चालतं, वेल्डरच्या पुतण्याने खळ्यात मोबाईल धरला तर संपलं. ह्याच्यावर मी कितीही वेळ बोलू शकते.

आणि गंमत बघा, मी कॉलेजांमध्ये लेक्चरला जाते तेव्हा सुरुवातच हळदीने करते. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीने जखम भरण्यावर पेटंट मिळालं, नंबर 5401504, तो मला पाठ आहे. मग आपल्या शास्त्रज्ञ माशेलकरांच्या काळात सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं, बत्तीस संदर्भ दिले, त्यात संस्कृत ग्रंथ आणि 1953 चा एका भारतीय वैद्यकीय जर्नलमधला पेपर, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. पोरं टाळ्या वाजवतात. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, आधी जगात कुठेही छापलेलं असेल तर ते नवीन नाही. पंधरा वर्षं हेच लिहितेय. आता तोच नियम सांगलीच्या हळदीच्या मशीनवर उलटून आला आणि मला त्यात एक चूक दाखवता येईना.

पेटंट कायद्याच्या कलम 29 मध्ये एक फट आहे. शोधकाच्या संमतीशिवाय कोणी प्रसिद्ध केलं आणि कळल्यावर शोधकाने शक्य तितक्या लवकर अर्ज केला तर ते धरत नाहीत. मी तात्यांना फोन केला. "पुतण्याने तुम्हाला विचारून टाकला होता का व्हिडिओ?" "न्हाय ओ, ते पोरगं कशाला विचारतंय." मला एवढंच हवं होतं. मी प्रतिज्ञापत्र इंग्रजीत तयार केलं, त्यांना फोनवर मराठीत वाचून दाखवलं, 'माझी परवानगी न घेता', ते हो म्हणाले, नोटरी करून पाठवलं. मी खोटं लिहिलं का? परवानगी खरंच घेतली नव्हती. पण मी पुढचा प्रश्न विचारला नाही, आणि तो मला सुचला नव्हता असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

हिअरिंग व्हिडिओ कॉलवर होतं. तात्या म्हणाले मी येतो, म्हटलं गरज नाही, तरी आले. माझ्या शेजारच्या खुर्चीत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, टोपी हातात घेऊन बसले. कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारे पेटंट ऑफिसचे अधिकारी, शांत, तयारी करून आलेले, हे नेहमीचं नसतं. मी 29 वर सुरुवात केली, प्रतिज्ञापत्र दाखवलं, बरं चाललं होतं. मग ते म्हणाले व्हिडिओ एकदा बघू या, आणि स्क्रीन शेअर केली.

मी तो व्हिडिओ वीसेक वेळा बघितला होता. प्रत्येक वेळी आवाज बंद करून. ड्रमची खडखड इतकी कर्कश होती की ऑफिसमधले सगळे ओरडायचे, आणि मला बघायचं होतं ते यंत्र, ऐकायचं काय होतं त्यात? चाळिसाव्या सेकंदाला त्या खडखडाटातून एक आवाज आला.

"आरं जरा जवळ घे, तराजू दिसू दे."

मी तात्यांकडे बघितलं. कंट्रोलरना मराठी कळत होतं की नुसता सूर कळला माहीत नाही, त्यांनी हिंदीत विचारलं, ये कौन बोल रहा है? मी म्यूटचं बटण शोधेपर्यंत तात्या पुढे वाकून म्हणाले, "मीच हाय साहेब." आपको पता था कि वीडियो डालेगा? "पोरगं काढतंय म्हंजे टाकणारच की. सगळीच टाकत्यात."

त्यांना वाटलं ते मला मदत करतायत. हे मला नंतर कळलं. त्यांच्या डोक्यात भांडण असं होतं की मशीन त्यांनी केलं की नाही, आणि व्हिडिओत आपलाच आवाज आहे हा तर भक्कम पुरावा झाला. चार वर्षांत मी त्यांना नीट समजावलंच नव्हतं की आपण नेमकं कशाशी लढतोय.

मी तो मुद्दा तिथेच सोडला. "नॉट प्रेसिंग, सर." दुसरं काय करणार होते? 'परवानगी' ह्या शब्दाच्या कायदेशीर अर्थावर वाद घालता आला असता, शूटिंगला संमती म्हणजे प्रसिद्धीला संमती नव्हे वगैरे, पण हा माणूस शेजारी बसून सरळ उत्तरं देत होता आणि मला ते करवेना. आमच्या ऑफिसातला एक सीनियर नंतर म्हणाला की घालायला हवा होतास, क्लायंटला आत आणलंसच कशाला. असेल बाबा.

मग व्हिडिओ परत सुरू झाला आणि आता पहिल्यांदाच मी तो ऐकत होते, आणि दांडी दर फेरीला ठाण ठाण आपटत होती. शॉकप नव्हता! मार्चमध्ये तो बसवलेलाच नव्हता. मी विचारलं, तात्या, शॉकप कधी बसवला? "त्या शिमग्यानंतर. दांडीनं बेअरिंग खाल्लं तवा." मी लगेच म्हटलं, सर, क्लेम 6 पहिल्या क्लेममध्ये घालून अर्ज अरुंद करायला आम्ही तयार आहोत, डी-1 मध्ये डॅम्पिंग नाही, ऐकून बघा. ऐकून बघा असं मी कंट्रोलरना म्हणाले. ते हसले, म्हणाले लेखी द्या, पंधरा दिवसांत. मी चौदाव्या दिवशी दिलं. ऑर्डर अजून आलेली नाही.

मिळालं तर काय मिळेल हे मी तात्यांना त्या दिवशी चहावर सांगितलं. तराजूवर काही नाही, तराजू अधिक शॉकप ह्यावर. म्हणजे कोणी बिनशॉकपचं आपटणारं मशीन करून विकलं तर आपण काही करू शकत नाही. ते म्हणाले, बिनशॉकपचं तर तीन जण आत्ताच विकत्यात. बेअरिंग जातं दोन सीझनला, मग माझ्याकडंच दुरुस्तीला येत्यात. हे सांगताना त्यांना राग आलेला दिसला नाही. मला आला होता, आणि निम्मा माझ्यावरच.

आता माझ्या फॉर्मवर तो प्रश्न बदललाय. व्हिडिओ काढलाय का, स्टेटसला ठेवलाय का, मशीन कोणाला विकलंय का, भाड्याने दिलंय का, भावकीत कोणाकडे चॅनल आहे का. परवा एक इंजिनिअर क्लायंट हसला त्यावर.

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. चांगला मुलगा आहे, रडवेला झाला होता. मॅडम, व्हिडिओ काढून टाकू का? म्हटलं, अजिबात नको. उद्या राजकोटचा नाहीतर चीनचा कोणी ह्याच तराजूवर पेटंट मागायला गेला तर त्याला आडवा जाणारा कागद आपल्याकडे हा एकच आहे. तो म्हणाला, मग आवाज तरी बंद करू? तात्या म्हणतायत लई खडखड येते.

म्हटलं, आवाजही राहू दे.