तीन नंबरचा गडी

कोल्हापुरात लहानपणी आम्हा पोरांना पैलवानांच्या दंडापेक्षा त्यांच्या कानांचं अप्रूप जास्त. गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावून ते उभे असायचे आणि आम्ही त्या मुडपलेल्या, गाठाळलेल्या पाळ्या न्याहाळायचो. घासून घासून कानात रक्त साकळतं, तिथंच घट्ट होतं आणि कानाचा आकारच बदलतो. अगदी तस्साच कान परवा रग्बीच्या सामन्यात दिसला, आणि चेंडू सोडून मी त्या माणसाच्याच मागं लागलो.

त्याला प्रॉप म्हणतात. पंधराजणांत असे दोघे: एक नंबरचा लूजहेड, तीन नंबरचा टाईटहेड. स्क्रम लागला की दोन्हीकडचे आठ-आठ गडी डोकी घालून एकमेकांना रेटतात. एक नंबरवाल्याचा निदान एक खांदा मोकळा असतो. तीन नंबरवाल्याचं डोकं समोरच्या दोघांच्या मधोमध, भार दोन्ही खांद्यांवर. पुढून शत्रू ढकलतोय, मागून आपलीच माणसं. पंच ‘क्राउच, बाइंड, सेट’ म्हणाला की पुढचे काही क्षण मान, कंबर आणि पायाची बोटं, एवढंच जग.

आमच्या गल्लीतल्या वस्तादांना मोबाईलवर एक स्क्रम दाखवला. चेंडूकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. ‘मागं घे’ म्हणत परत परत बघितलं आणि एका पायावर बोट ठेवलं. “ह्याची टाच टेकली बघ. आता उचलला जातोय त्यो.” पुढच्या क्षणी तो गडी खरोखरच छातीतून वर निघाला. समालोचकाला हे कळायला रिप्ले लागला. खासबागेत 1912 पासून वजनदार माणसाची कला बघणारं गाव आहे हे, उगाच नाही.

शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, खुराक लावून दिला. रग्बी युनियनमध्ये, म्हणजे या पंधराजणांच्या रग्बीत, मात्र 1995 पर्यंत खेळाचे पैसे घेणंच निषिद्ध. इंग्लंडचा जेसन लिओनार्ड हा त्या काळातला प्रॉप, पेशानं सुतार. 1992 मध्ये त्याच्या मानेची शस्त्रक्रिया झाली, कंबरेचं हाड काढून मानेत बसवलं. माणूस परत त्याच जागेवर डोकं घालायला हजर! इंग्लंडकडून एकूण 114 सामने खेळला आणि त्यात ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडं टेकवून गुण घेणं, केला फक्त एक. 2003 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात स्क्रम सांभाळायला त्याला उतरवलं, तेव्हा वय 35. प्रॉप उशिरा पिकतो. गुऱ्हाळावर सगळे गुळव्याचं नाव घेतात, चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याला कोण विचारतंय? तशातली गत. पण नियम मात्र प्रॉपची किंमत ओळखून आहे. त्याच्या जागी कुणालाही उभं करता येत नाही, त्या जागेचं शिक्षण असलेलाच गडी लागतो. असा गडी उरला नाही तर पंच रेटारेटीच बंद करतो, स्क्रम नावापुरता उरतो.

याच नियमानं 2019 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात डॅन कोलची पंचाईत केली. इंग्लंडचा तीन नंबरवाला काइल सिंकलर पहिल्या काही मिनिटांतच डोक्याला मार लागून बाहेर गेला. बाकावर त्या जागेचा गडी एकटा कोल. समोर दक्षिण आफ्रिकेचा तेंदाई म्तावारिरा, ज्याला सगळे ‘बीस्ट’ म्हणतात. त्यानं कोलला पिळून काढलं. मध्यंतरानंतर आफ्रिकेनं म्तावारिराला बसवून ताजातवाना स्टीवन किट्सहॉफ आणला. कोलला मात्र बदली कुठली? आफ्रिका 32-12 नं जिंकली.

वस्तादांनी हे ऐकून मोबाईल माझ्या हातात परत दिला. “एका गड्याला दोन ताजे पैलवान? ही काय जोड झाली व्हय? कोल्हापुरात असलं केलं असतं तर पब्लिक हौद्यात उतरलं असतं.”